बाराव्या जागेची चार मिनिटं: एका सेव्हन्स संघाच्या निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकच्या एका महिला रग्बी संघाचं आहे. संघाचं, स्पर्धेचं आणि खेळाडूंचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी तेव्हा संघाची व्यवस्थापक होते आणि निवड करणाऱ्या तिघांपैकी एक. त्यामुळे जे चुकलं त्यातला माझा वाटा मात्र झाकलेला नाही.

आम्ही खेळतो ते सेव्हन्स. एका बाजूला सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, बेंचवर पाच. म्हणजे स्पर्धेला बारा जणी न्यायच्या. मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीचंच, तेवढंच लांब-रुंद. चौदा मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात. ज्यांना तसं वाटतं त्यांनी एकदा त्या मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाच वेळा जीव तोडून पळून बघावं.

आमचा सराव गंगापूर रोडच्या बाजूच्या एका मैदानावर, सकाळी सहाला. टॅकलच्या सरावाच्या तयार बॅगा परवडत नाहीत, म्हणून इगतपुरीकडच्या भाताच्या गिरणीतून तूस आणतो, पोत्यांत ठासून भरतो आणि वरून जुनी ताडपत्री शिवतो. पावसाळ्यात ती पोती भिजून दगड होतात. त्या चार महिन्यांत टॅकलचा सराव कमी आणि पासचा जास्त, हे आमच्या वेळापत्रकात कुठं लिहिलेलं नाही, पण होतं तसंच.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे बावीस जणी होत्या आणि त्यांचे सरळ दोन गट पडले होते. जुन्या सगळ्या कबड्डीतून आलेल्या, पंचविशी ते एकतिशीच्या. कबड्डी खेळलेल्या मुलीला टॅकल शिकवावा लागत नाही. सोडायला शिकवावं लागतं. मांडी धरून समोरचीला आडवं पाडणं तिच्या अंगात असतं, पण रग्बीत पाडल्या पाडल्या पकड सोडावी लागते, नाहीतर पेनल्टी. आमची कर्णधार यातलीच, २९ वर्षांची, सातपूरच्या एका कारखान्यात पाळीनं काम करणारी. रात्रपाळी संपवून ती थेट मैदानावर यायची आणि ऊन चढायच्या आत घरी झोपायला जायची.

दुसरा गट सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या मुलींचा. अठरा-एकोणीस वर्षांच्या, नाशिकला वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, शाळेत असल्यापासून क्रॉस कंट्री धावलेल्या. या डोंगरपट्ट्यातल्या पोरी किती धावतात हे नाशिकला नव्यानं सांगायला नको. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणलं तेव्हाच ते सगळ्यांना कळलं. पण या मुलींच्या हातात रग्बीचा बॉल येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

पेच

आदल्या दोन्ही वर्षी आम्ही राज्य पातळीवरच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत बाद झालो होतो. एकदा ५–१२, एकदा ७–१०. दोन्ही वेळा आमच्या बचावाचं फार कौतुक झालं. प्रतिस्पर्धी आपल्या बचावाचं कौतुक करू लागला की समजावं, आपण हरलोय.

अडचण साधी होती. आम्ही बॉल मिळवायचो, राखायचो, आणि मग त्याचं काय करायचं ते आम्हाला कळायचं नाही. कडेनं बचाव फोडून सुसाट जाईल अशी एकही खेळाडू संघात नव्हती. नव्या मुली नेमकं तेच करू शकत होत्या. पण त्या टॅकल उंच करायच्या, खांद्याच्या वर हात जायचा, आणि रग्बीत उंच टॅकल म्हणजे निदान पेनल्टी, अनेकदा पिवळं कार्ड, आणि पिवळं कार्ड म्हणजे सेव्हन्समध्ये दोन मिनिटं बाहेर. चौदांतली दोन.

निवडणारे आम्ही तिघं. प्रशिक्षक, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, स्वतः एके काळचे चढाईपटू. दुसरे काका, क्लबचा हिशेब आणि किटची कुलुपं सांभाळणारे, वयानं सगळ्यात मोठे. तिसरी मी, खो-खो खेळलेली आणि शाळेत खेळ शिकवणारी. सरांना नव्या मुली हव्या होत्या. काकांना नको होत्या.

“हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका,” काका म्हणाले.

“काका, अहो पळतंच तर हवंय आपल्याला!” सर म्हणाले.

यावर आम्ही तिघंही हसलो, आणि ते हसणं पुढच्या दोन आठवड्यांतलं शेवटचं ठरलं.

पर्याय आणि त्यामागचे दाखले

आमच्या वादाला एक रात्र कारणीभूत होती. २८ ऑक्टोबर २०२३, कोजागिरी. त्या रात्री पुरुषांच्या रग्बी विश्वचषकाची अंतिम लढत पॅरिसला होती, आपल्याकडे साडेबारा वाजता. योगायोग असा की त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. वेधांमुळे बऱ्याच घरांत दूध आटवलं गेलं नाही. काकांनीही आटवलं नाही, पण सामना बघायला गच्चीवर आले. एका मोबाईलसमोर आम्ही नऊ-दहा जण, वर चंद्राला कडेनं लागलेला डाग, आणि खाली दक्षिण आफ्रिका विरुद्ध न्यूझीलंड.

दक्षिण आफ्रिकेनं त्या दिवशी बेंचवर सात फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड, आणि फक्त एक बॅक, म्हणजे मागचा पळणारा, ठेवला होता. रिवाज पाच-तीनचा. सहा-दोनच लोकांना धाडस वाटतं, हे सात-एक. पुढच्यांकडून बॉल काढून मागच्यांना देणारा स्क्रम-हाफ फाफ डी क्लर्क याला काही झालं असतं तर त्या जागेचा खास खेळाडू बेंचवर नव्हताच. आणि झालं काय, तर पहिल्या तीन-चार मिनिटांतच त्यांचा हुकर (पुढच्या रांगेच्या मधला खेळाडू) बोंगी एमबोनाम्बी जखमी होऊन बाहेर गेला. संघातला दुसरा खरा हुकर माल्कम मार्क्स साखळीतच गुडघ्याच्या दुखापतीनं घरी परतला होता, आणि त्याच्या जागी त्यांनी हुकर बोलावलाच नव्हता. बोलावला होता किकर हँड्रे पोलार्ड. त्यामुळे उरलेला जवळजवळ सगळा सामना ३७ वर्षांच्या डिऑन फौरीनं हुकर म्हणून काढला. तो तेव्हा खेळायचा मागच्या रांगेत, पण हुकरचं काम पूर्वी केलेलं. हुकरनं कडेवरून बॉल आत फेकायचा तो त्यांचा लाइन-आउट त्या रात्री चांगलाच लटपटला. तरी १२–११ असे जिंकले, आणि बाराच्या बारा गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे. सामन्यातला एकमेव ट्राय, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे पाच गुण, न्यूझीलंडचा होता. त्याचं कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची जादा दोन गुणांची किक, हुकलं.

गंमत अशी की सर आणि काका दोघंही हाच सामना दाखला म्हणून वापरायचे. सर म्हणायचे, बघा, सात-एक केलं आणि जग जिंकलं. काका म्हणायचे, जग जिंकलं ते सदतीस वर्षांच्या माणसानं सव्वा तास रेटल्यामुळे. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच त्यातून काही ठरत नव्हतं.

काकांचा हुकमाचा पत्ता होता ऑस्ट्रेलिया. त्याच विश्वचषकाला त्यांचा प्रशिक्षक एडी जोन्सनं मायकेल हूपर आणि क्वेड कूपर या जुन्या-जाणत्यांना घरी ठेवलं आणि तरुण संघ नेला. फिजीकडून १५–२२, वेल्सकडून ६–४० अशी हार, आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात पहिल्यांदा साखळीतच बाद. “अन् ते ऑस्ट्रेलिया होतं,” काका म्हणायचे, “आपण कोण?”

माझ्या डोक्यात तिसराच सामना होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सेव्हन्सच्या अंतिम लढतीत फ्रान्सनं अंत्वान द्यूपाँला, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंतल्या एकाला, पहिल्या हाफमध्ये बेंचवरच ठेवलं. मध्यंतराला ७–७. मग तो आला, एक ट्राय करवून घेतला, दोन स्वतः केले, आणि फ्रान्स २८–७. तोवर ऑलिंपिक सेव्हन्समध्ये एकही सामना न हरलेला फिजीचा संघ हरला. समोरच्यांचे पाय जड झाल्यावर ताजा आणि जाणता माणूस आत सोडायचा, ही कल्पना मला पटली होती.

यातून तीन मार्ग पुढे आले. पहिला काकांचा: दहा जुन्या, दोन नव्या, नव्यांना शेवटची तीन मिनिटं. दुसरा सरांचा: निम्म्या-निम्म्या, आणि सुरुवातीच्या सातांत तीन नव्या. तिसरा माझा, सरांच्याच अंगानं जाणारा: नव्या सुरुवातीला, कर्णधार बेंचवर आणि दुसऱ्या हाफला आत.

काकांची बाजू सोडण्यापूर्वी आम्ही एक अट मान्य केली, आणि ती आजही मला योग्य वाटते. नव्या मुली टॅकलमध्ये सुरक्षित आहेत असं दिसल्याशिवाय कुणालाही न्यायचं नाही. तीन आठवडे तुसाच्या पोत्यांवर एकच काम: डोकं बाजूला, खांदा खाली, पकड कमरेच्या खाली. जुन्या मुलींनीच शिकवलं. एक तर रोज ओरडायची, “अगं मिठी मारू नको, मांडी धर!” पाचपैकी चौघी तिसऱ्या आठवड्यात नीट खाली जाऊ लागल्या. पाचवी अधूनमधून.

निर्णय

नावं ऑनलाइन भरायची मुदत रात्री बारापर्यंत होती. सिडकोत सरांच्या घरी आम्ही साडेनऊला बसलो. अकरा नावं ठरायला दोन तास लागले. प्रत्येक नव्या मुलीवर काकांनी हरकत घेतली, प्रत्येकीवर सरांनी उत्तर दिलं. शेवटी सात जुन्या आणि चार नव्या. काका दमले होते, थोडे रुसलेही होते.

उरली बारावी जागा. दोन नावं होती. एक आमच्या पहिल्या वर्षापासूनची खेळाडू, एकतीस वर्षांची, चार वर्षांच्या मुलाची आई, पळायला संघात सगळ्यात हळू. पण तिचा डावा पाय सोन्याचा. ड्रॉप किक, म्हणजे बॉल हातातून सोडून टप्पा पडताच मारायची किक, ती झोपेतही मारेल. दुसरी म्हणजे ती पाचवी धावपटू.

घड्याळात अकरा चाळीस. सर म्हणाले, “चौघींचा दम गेला की पाचवी पाहिजे.” काका म्हणाले, “आता चार घेतल्याच आहेत तर पाचवीनं काय बिघडतंय.” हे त्यांनी पटून म्हटलं नव्हतं, कंटाळून म्हटलं होतं, आणि ते मला तेव्हाही कळलं होतं. मग मी म्हणाले, “किक तर कर्णधार मारतेच.”

अकरा चव्वेचाळीसला पाचवीचं नाव भरून झालं.

इथं न खेळलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. सेव्हन्समध्ये ट्रायनंतरचं कन्व्हर्जन ड्रॉप किकनंच घ्यावं लागतं, बॉल जमिनीवर ठेवून नाही. शिवाय पंधराच्या खेळापेक्षा उलटा नियम आहे: ज्यांनी गुण केले तेच पुढचा खेळ सुरू करणारी किक मारतात, तीही ड्रॉप किक. ती दहा मीटर गेली नाही किंवा टप्पा न पडता थेट बाहेर गेली, तर समोरच्यांना मैदानाच्या मध्यावर फ्री किक. म्हणजे जितके जास्त ट्राय कराल तितक्या जास्त वेळा तुम्हाला किकर लागतो. आम्ही भरपूर ट्राय करणारा संघ निवडला, आणि त्या संघात किक मारणारी एकच ठेवली.

निवड कळवण्यातही आम्ही कमी पडलो. बारा वाजून पाच मिनिटांनी मी ग्रुपवर यादी टाकली. वगळलेल्या किकर ताईनं खाली अंगठा दाखवला. बाकी काही लिहिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी फोन करणार होते. तो फोन राहिला.

कर्णधाराला बेंचवर बसवायचं आहे हे मात्र सरांनी समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, “बसवायचंय तर बसवा सर, पण मला विश्रांती देताय असं सांगू नका पोरींना. खरं कारण सांगा.” सरांनी सांगितलं. त्यानं संघातलं वातावरण बिघडण्याऐवजी सुधारलं.

मैदानावर: पहिला दिवस

ठक्कर बाजारातून पहाटेची बस, सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, आणि नऊच्या सुमाराला नारायणगावात चहा. सुरगाण्याच्या मुलींनी डब्यात नागलीच्या भाकरी आणि ठेचा आणला होता. सामन्याच्या आदल्या दिवशी ठेचा नको म्हणून मी ओरडले, आणि मग मीच एक भाकरी खाल्ली.

पहिला सामना ठरल्याप्रमाणे. नव्या तिघी सुरुवातीला, कर्णधार बाहेर. दुसऱ्याच मिनिटाला एकीचा हात समोरचीच्या गळ्यापर्यंत गेला आणि पिवळं कार्ड. त्या दोन मिनिटांत दोन ट्राय खाल्ले. मध्यंतराला ५–१०. काका माझ्याकडे बघत नव्हते. दुसऱ्या हाफला कर्णधार आत आली, आणि मग पहिल्यांदा दिसलं की आमच्याकडे काय आहे. तिनं बॉल फक्त रुंद फिरवला, बाकी काम पायांनी केलं. २४–१०. चौघी मैदानात एकमेकींना आपल्या बोलीत हाका मारायच्या. समोरच्यांना त्यातलं काहीच कळत नव्हतं, खरं तर आम्हालाही नाही.

पण त्या पहिल्या हाफमध्ये एक गोष्ट घडली होती. आमच्या पहिल्या ट्रायनंतर कर्णधार बाहेर होती, म्हणून कन्व्हर्जन आणि सुरुवातीची किक एका नव्या मुलीनं मारली. कन्व्हर्जन जमिनीलगत घसरत गेलं. सुरुवातीची किक सहा-सात मीटर गेली असेल. समोरच्यांना फ्री किक. हे मी पाहिलं, वहीत लिहिलंही: ‘किक?’ असं, प्रश्नचिन्ह घालून. मग आम्ही जिंकलो आणि मी पान उलटलं.

दुसरा सामना १२–१९ असा हरलो. समोरचा संघ चांगलाच होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिसरा २२–१४ असा जिंकलो आणि बाद फेरीत गेलो. त्याच्या शेवटच्या मिनिटाला कर्णधारानं एक टॅकल केला आणि समोरचीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती उठली. चालत आली. बाटली तोंडाला लावली.

“बस कितीला आहे आपली?” तिनं विचारलं.

मी म्हणाले, आज मुक्काम आहे, बस उद्या रात्री. तिनं मान हलवली. पाण्याचा एक घोट घेतला.

“बस कितीला आहे?”

रग्बीत याबाबत वाद घालायला जागा ठेवलेली नाही, आणि ते बरं आहे. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूनं बाहेर यायचं, त्या दिवशी परत उतरायचं नाही, आणि पुढेही डॉक्टरांनी सोडल्याशिवाय नाही. आमच्यासारख्या पातळीवर तपासून पुन्हा आत पाठवायची सोय नाहीच. डॉक्टरांनी तिला पाहिलं, दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती पूर्ण भानावर होती आणि चिडलेली होती. “मला काही झालेलं नाही. उद्या सात मिनिटं तरी द्या.” सर गप्प बसले. त्यांची चुळबुळ मला दिसत होती. त्यांच्या काळात डोक्याला पट्टी बांधून खेळणं ही अभिमानाची गोष्ट होती. मी नाही म्हणाले, आणि काका माझ्या आधीच नाही म्हणाले होते. सगळ्या प्रकरणात आम्हा तिघांचं इतक्या पटकन फक्त इथंच जमलं.

एका फोनची संध्याकाळ

आता किकर कोण? अकरा जणी उभ्या करून प्रत्येकीला तीन-तीन ड्रॉप किक मारायला लावल्या. तेहतीस किकांतल्या धड म्हणाव्यात अशा चार. त्यातल्या दोन पेठच्या एका मुलीच्या.

शेवटी मी नाशिकला किकर ताईला व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं होतं ती उचलणार नाही. तिनं उचलला. मागे तिचा मुलगा भात खात नव्हता म्हणून रडत होता. मी माफी मागायला सुरुवात केली तर ती म्हणाली, “ते नंतर. आधी पोरीचे पाय दाखव.”

पाऊण तास ती फोनवरून बघत होती. मोबाईल मी गवतात बाटलीला टेकवून ठेवला होता. “बॉल टाकतेयस तू. टाकायचा नाही, सोडायचा. हात खाली ने, आणि नुसती बोटं उघड.” मग: “टप्पा पडून वर यायला लागला की मार. आधी नको, नंतर नको.” मग: “वर बघू नको, कुठं गेला ते दुसऱ्या बघतील.” अंधार पडला तेव्हा पेठच्या मुलीच्या पाचांतल्या दोन किक दहा मीटर ओलांडत होत्या.

निकाल

उपांत्यपूर्व सामन्यात आम्ही चार ट्राय केले, समोरच्यांनी तीन. त्यांची तिन्ही कन्व्हर्जन आत गेली, आमची चारही बाहेर. २०–२१. आमच्या चार ट्रायनंतरच्या चार सुरुवातीच्या किकांपैकी एक दहा मीटर गेली नाही, एक थेट बाहेर गेली; या दोन चुकांतूनच त्यांचे दोन ट्राय आले. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा कर्णधार बाहेर खुर्चीवर बसली होती, टोपी डोळ्यांवर ओढून. डॉक्टरांनी उन्हात बसू नको म्हणून सांगितलं होतं, ते तिनं अगदी तंतोतंत पाळलं.

आमच्या चारांतले दोन ट्राय त्या पाचव्या मुलीचे होते. बाराव्या जागेवर आलेल्या.

उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या संघांसाठी पाचव्या क्रमांकाच्या लढती होत्या. दुपारी एक जिंकलो. संध्याकाळची शेवटची १७–१२ अशी. त्या सतरांतले दोन गुण पेठच्या मुलीच्या कन्व्हर्जनचे. बॉल उजव्या खांबाला आतून चाटून गेला. ती वर बघतच नव्हती; बाकीच्या ओरडल्या तेव्हा तिला कळलं.

पाचवा क्रमांक. क्लबच्या आजवरच्या इतिहासातला सर्वांत वरचा.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी हे, की आम्ही दोन आठवडे चुकीच्या प्रश्नावर भांडलो. जुन्या की नव्या, सावध की धाडसी, हा वाद आम्हाला समोर दिसत होता म्हणून आम्ही तोच घातला. नव्या चौघींमधला धोका सगळ्यांना माहीत होता, त्यावर तीन आठवडे काम झालं होतं, आणि म्हणूनच पहिल्या पिवळ्या कार्डानंतर तो फारसा डोकं वर काढू शकला नाही. खरा जुगार आम्ही खेळलो तो अकरा चाळीस ते चव्वेचाळीस या चार मिनिटांत, आणि तो जुगार आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दक्षिण आफ्रिकेनं सात-एक केलं तेव्हा आपण कुठली जागा उघडी ठेवतोय हे त्यांना माहीत होतं. आम्हाला ते माहीत नव्हतं, एवढाच फरक, आणि तो मोठा आहे. त्या रात्री गच्चीवर आम्ही सगळे फौरीकडे बघत होतो. बघायला हवं होतं पोलार्डकडे. हुकर जखमी झाला तर किकर बोलावणाऱ्या संघानं काय मोजलं असेल, याचा विचार आमच्यातल्या कुणी केला नाही.

दुसरं, माझी वही. पहिल्याच सामन्यात इशारा मिळाला होता. त्या सामन्यानंतर लगेच सगळ्यांना किक मारायला लावल्या असत्या तर काही तास तरी हाताशी आले असते. कर्णधाराला पहिल्या हाफला बाहेर ठेवण्याची कल्पना माझी, आणि ती चांगलीच होती. पण ती अमलात आणायची तर त्या सात मिनिटांत किक कोण मारणार हे आधी ठरवायला हवं होतं. द्यूपाँ बाहेर बसला तेव्हा आत फ्रान्सचे किकर होते.

तिसरं, काकांना आम्ही दमवलं. अकरा नावांवर एकटा माणूस हरकती घेत राहिला तर बाराव्या नावापर्यंत त्याच्यात काही उरत नाही. आता आम्ही यादी शेवटून ठरवतो: आधी बारावी, मग अकरावी. ऐकायला विचित्र वाटतं, पण सुरुवातीच्या पाच-सहा नावांवर तसाही कधी वाद नसतो.

चौथं, ती अंगठ्याची खूण. वगळलेल्या खेळाडूला ग्रुपवरच्या यादीतून कळू देणं हे वाईट, आणि त्याला उशीर झाला होता ही सबब नाही. मी स्वतः खेळत असताना एकदा मला नोटीस बोर्डवरून कळलं होतं, तेव्हा मी अख्खी रात्र जागले होते. तरी हेच केलं.

किकर ताई आता मंगळवार आणि गुरुवारी सरावाला येते, किक शिकवायला. खेळाडू म्हणून यायचं का, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. पेठच्या मुलीचा बॉल आता पाचांतून चार वेळा दहा मीटर जातो.

आणि बाराव्या जागेवरून माझा आणि सरांचा वाद मिटलेला नाही. मी म्हणते, ती जागा किकरची होती. एक कन्व्हर्जन आत गेलं असतं तर बावीस-एकवीस. सर म्हणतात, पाचवी नसती तर आपले ट्राय दोनच झाले असते, मग कन्व्हर्जन कशाचं घेतलं असतं? काकांना विचारलं तर ते म्हणतात, मला झोप आली होती.

नव्या मोसमाची यादी परवा रात्री ठरवायची आहे. बैठक साडेसातची ठेवली आहे.